हजार टाके, एकही सही नाही

मांजरपाटासारख्या साध्या पांढऱ्या सुती कापडाचा एक पट्टा. लांबी कमरेला वेढा बसेल एवढी, रुंदी वीतभर. त्यावर लाल दोऱ्याचे गाठीचे टाके, एकाखाली एक, ओळीनं. मोजले तर हजार. काही पट्ट्यांवर ह्याच टाक्यांनी वाघ काढलेला असतो, कोपऱ्यात एखादं भोकाचं नाणं शिवलेलं असतं. कापड आता पिवळं पडलंय. त्यावर घामाचे डाग असतात, कधी रक्ताचेही.

जपानीत ह्याला ‘सेन्निनबारी’ म्हणतात, म्हणजे हजार जणींचे टाके. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रशिया-जपान युद्धाच्या सुमारास ही रीत रुजली आणि १९३७ नंतर चीनवरच्या आक्रमणात नि दुसऱ्या महायुद्धात घरोघरी पोचली. आघाडीवर निघालेल्या मुलाच्या, नवऱ्याच्या, भावाच्या कमरेला घरच्या बायका हा पट्टा बांधायच्या. गोळी लागू नये, माणूस परत यावा, म्हणून.

त्यातले लाखो परत आले नाहीत. न्यू गिनीत, ब्रह्मदेशात, पॅसिफिकमधल्या बेटांवर ते मेले आणि जिंकणाऱ्या बाजूच्या सैनिकांनी त्यांच्या अंगावरून, पिशव्यांतून हे पट्टे काढून घेतले. कशासाठी? आठवण म्हणून! घरी नेऊन ट्रंकेत ठेवले. पुढे म्हातारा वारला, ट्रंक उघडली गेली आणि पट्टा संग्रहालयात जमा झाला. कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन वॉर मेमोरियलमध्ये, लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये, अमेरिकेत ठिकठिकाणी असे पट्टे जपून ठेवलेले आहेत.

मी समाजकार्याची पदवी घेतलेली, सातारा भागात बचत गटांबरोबर काम करणारी बाई. इतिहासाची अभ्यासक नव्हे. एका शिबिराची तयारी करताना संगणकावर ह्या पट्ट्यांची छायाचित्रं समोर आली. आधी मी टाके बघत बसले, मग खालच्या नोंदी वाचल्या. तेव्हापासून जे मनात खदखदतंय ते तुमच्यापुढे मांडते आहे. मैत्रिणींनो, पटलं नाही तर भांडा, पण विषय बाजूला सारू नका.

नोंदीत कोण आहे?

अशा नोंदींचा साचा साधारण ठरलेला असतो. वस्तू काय, कापड कुठलं, कोणत्या युद्धात मिळाली, कुठे मिळाली. ज्यानं ती उचलून आणली त्याचं नाव, हुद्दा, पलटण ही माहिती बऱ्याचदा शाबूत असते. ज्याच्या कमरेवरून ती काढली तो बहुधा नुसता ‘एक जपानी सैनिक’. आणि जिनं किंवा ज्यांनी ती केली, त्या ‘अज्ञात’. हजार बायका एका शब्दात आटोपल्या!

ह्याच युद्धात सैनिकांनी आणखी एक वस्तू फार मोठ्या संख्येनं उचलून नेली. जपानचा झेंडा. आघाडीवर निघालेल्या माणसाला नातेवाईक, शेजारी, बरोबर काम करणारे लोक सह्या करून असा झेंडा देत. आज हे झेंडे मूळ घरी पोचवण्याचं काम चालतं. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यातली ‘ओबोन सोसायटी’ ही संस्था तेच करते. सैनिकाचं नाव, सह्या, गावाची खूण ह्यांवरून घर शोधायचं आणि म्हाताऱ्या झालेल्या मुलीच्या, भावाच्या हातात झेंडा ठेवायचा. काम चांगलं आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

पण मग पट्ट्याचं काय? झेंड्यावर सह्या असतात म्हणून तो घरी जाऊ शकतो. पट्ट्यावर हजार गाठी असतात, त्यांतल्या एकीखालीही नाव नाही. एखाद्या पट्ट्यावर सैनिकाचं नाव लिहिलेलं असलंच, तर तो त्याच्या घरी जाईल. बाकीच्या नऊशे नव्व्याण्णव जणी कुठे शोधायच्या? बाईच्या कामाखाली सही नसते हे आपल्याला कुणी वेगळं शिकवायला नको. आपल्या आजीनं शिवलेल्या वाकळेवर तिचं नाव कुठे होतं?

दोन सोपी उत्तरं

ह्या पट्ट्याकडे बघायच्या दोन रीती प्रचलित आहेत. मला दोन्ही नामंजूर आहेत.

पहिली रीत गहिवराची. ‘आईच्या मायेचा धागा’, ‘हजार भगिनींच्या प्रार्थना’ वगैरे. ह्यात बाई म्हणजे नुसती माया, आणि माया म्हटली की प्रश्न संपले. दुसरी रीत आपल्या चळवळीतली. ‘युद्ध पुरुषांनी लावलं, बायका बिचाऱ्या बळी. बाई मुळातच शांतताप्रिय.’ ऐकायला बरं वाटतं. मीही शिबिरांतून हे बोललेली आहे. पण त्या हजार गाठी हे वाक्य खोटं पाडतात.

हा पट्टा तयार कसा व्हायचा ते बघा. घरात बसून एकीनं हजार टाके घातले तर तो चालत नसे. प्रत्येकीनं एकच टाका घालायचा. म्हणून आई किंवा बायको कापड, सुई, लाल दोरा घेऊन स्टेशनबाहेर, बाजारात, दुकानाच्या दाराशी उभी राहायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना विनवायची, बाई, एक टाका घाला. व्याघ्रवर्षात जन्मलेल्या बाईला मात्र तिच्या वयाइतके टाके घालता येत, कारण वाघ हजार कोस जातो आणि हजार कोस परत येतो अशी समजूत. नाण्यांचंही असंच. जपानीत चारचा उच्चार ‘शि’, आणि मरणालाही ‘शि’. नऊचा ‘कु’, आणि यातनेलाही ‘कु’. म्हणून पाच सेनचं नाणं शिवायचं, मरण ओलांडायला. दहा सेनचं शिवायचं, यातना ओलांडायला.

त्या काळात मुलाला निरोप देताना ‘जिवंत परत ये’ असं चारचौघांत म्हणायची सोय नव्हती. सम्राटासाठी मरणं हाच गौरव, असं शाळेपासून शिकवलेलं. जे तोंडानं बोलता येत नव्हतं ते बायकांनी सुईनं बोलून घेतलं. हे मी नाकारत नाही. उलट माझा सगळा मुद्दा इथूनच सुरू होतो. तो जिवंत यावा ही बाईची इच्छा खरी होती, आणि राज्यकर्त्यांनी नेमकी तीच इच्छा त्याला मरायला पाठवण्याच्या सोहळ्यात कामाला लावली. टाका घालणारी बाई मनात म्हणायची ‘परत ये’. रस्त्यावर मात्र दिसायचं असं, की अख्ख्या गावातल्या बायका ह्या युद्धाच्या पाठीशी उभ्या आहेत.

पांढऱ्या एप्रनमधल्या बायका

हे आपोआप घडलं नाही. १९३२ साली ओसाका शहरात बायकांची एक संघटना निघाली, ‘कोकुबो फुजिनकाई’, म्हणजे राष्ट्रसंरक्षण महिला संघ. तिच्या मागची कथा ऐका. १९३१ च्या डिसेंबरात इनोउए नावाचा एक लेफ्टनंट मांचुरियाच्या आघाडीवर निघणार होता. आदल्या रात्री त्याच्या तरुण बायकोनं आत्महत्या केली. नवऱ्याला मागची काळजी राहू नये म्हणून तिनं जीव दिला, असं वर्तमानपत्रांनी छापलं. तिची देवी झाली, तिच्यावर सिनेमे निघाले. १९८७ साली देवराळ्यात काय झालं आणि त्यानंतर चुनरीचा सोहळा कसा झाला, हे ज्यांना आठवतं त्यांना ही कथा परकी वाटणार नाही. मेलेल्या बाईला बोलता येत नाही, म्हणून तिच्या तोंडी हवं ते घालता येतं.

ह्या संघटनेच्या बायका स्वयंपाकघरातला पांढरा एप्रन घालून, त्यावर संघटनेचं नाव लिहिलेली पट्टी तिरपी बांधून स्टेशनवर जमायच्या. निघणाऱ्या पलटणींना चहा द्यायच्या, झेंडे हलवायच्या, टाके गोळा करायच्या आणि पुढे अस्थींच्या पेट्या आल्या की मान खाली घालून त्याही उतरवून घ्यायच्या. १९४२ साली सरकारनं अशा सगळ्या संघटना एकत्र करून एकच ‘महान जपान महिला संघ’ केला. त्याआधी १९४० मध्ये शेजारपाजारच्या घरांचे गट बांधले होते आणि पुढे रेशनही त्या गटांमधून मिळू लागलं. आता सांगा, शेजारीण दारात सुई घेऊन उभी असताना नाही कोण म्हणणार? नाही म्हणणाऱ्याला शब्द तयार होता, ‘हिकोकुमिन’. ह्या राष्ट्राचा नसलेला. हा शब्द आपल्याकडे कोणत्या रूपात ऐकू येतो ते तुम्हीच आठवून बघा.

पण नुसती भीती होती असं म्हणून सुटका नाही. एरवी जिला उंबऱ्याबाहेर पडायला सासूची परवानगी लागायची, ती बाई ह्या निमित्तानं घराबाहेर पडली. सभेत बसली, रस्त्यात उभी राहिली, तिला मान मिळाला. आणि कुणाची तिला अडवायची हिंमत नव्हती, कारण काम देशाचं होतं! हे वाचताना मी थबकले. आपण आपल्या अहवालांत काय लिहितो? ‘महिला घराबाहेर पडल्या. मोठ्या संख्येनं सहभागी झाल्या.’ कशासाठी पडल्या, कुणी बोलावल्या, ठराव आधीच कुणी लिहून ठेवला होता, हे रकाने आपल्याही तक्त्यात नसतात.

आपल्यातल्याच

आणखी कडू गोष्ट पुढेच आहे. इचिकावा फुसाए हे नाव जपानच्या स्त्रीचळवळीत फार मोठं. १९२० च्या दशकापासून बायकांच्या मतदानाच्या हक्कासाठी ह्या बाईनं जिवाचं रान केलं. ह्याच इचिकावांनी युद्धकाळात सरकारी समित्यांवर काम केलं. आपण देशाच्या कामी येतो हे सिद्ध केलं की देश आपल्याला नागरिक मानेल, असा हिशोब त्या काळच्या बऱ्याच कार्यकर्त्यांचा होता. मताचा हक्क मिळाला तो १९४५ च्या डिसेंबरात, हार झाल्यावर. १९४६ च्या एप्रिलमधल्या निवडणुकीत ३९ बायका निवडून आल्या. इचिकावांना मात्र युद्धातल्या सहभागामुळे १९४७ ते १९५० सार्वजनिक जीवनातून दूर ठेवण्यात आलं. पुढे त्या संसदेत आल्या, भ्रष्टाचाराविरुद्ध लढल्या. त्यांना खलनायिका करायचा माझा हेतू नाही. मला त्यांचा हिशोब ओळखीचा वाटतो, म्हणून भीती वाटते.

जपानी बायकांनी हा प्रश्न झाकून ठेवला नाही, हेही सांगायला हवं. १९७७ पासून कानो मिकियो आणि त्यांच्या अभ्यासगटातल्या मैत्रिणींनी ‘पिछाडीच्या इतिहासाची टिपणं’ अशा अर्थाच्या नावानं आपलं प्रकाशन चालवलं. युद्धात घरी राहिलेल्या बायकांनी काय केलं, काय सोसलं आणि कशाला हातभार लावला, हे त्या स्वतःच्या आयांच्या पिढीला विचारत गेल्या. कुठल्या मोठ्या संस्थेची वाट बघत बसल्या नाहीत. आपल्यासारखाच एक गट आणि आपल्यासारखंच एक प्रकाशन.

कपाटातले कागद

पट्टा काचेमागे गेला, पण त्याच सैन्याच्या दुसऱ्या बायका कुठे गेल्या? १९३७ च्या डिसेंबरात नानजिंग शहरात बायकांवर काय अत्याचार झाले ते जगाला ठाऊक आहे. त्या सैन्यासाठी कोरिया, चीन, तैवान, फिलिपिन्स, इंडोनेशिया इथल्या मुली-बायकांना फसवून, पळवून ‘सुखकेंद्रां’त कोंडण्यात आलं. आपल्या अंदमानावर १९४२ ते १९४५ जपानचा ताबा होता, तिथेही अशी केंद्रं होती. एका बाईचा टाका सैनिकाच्या रक्षणासाठी, दुसरीचं शरीर त्याच्या ‘सुखा’साठी. सैन्याच्या लेखी दोन्ही रसदच. पहिलीला देवी म्हणायचं, दुसरीला बोलायला तोंड ठेवायचं नाही.

१९९१ च्या ऑगस्टमध्ये कोरियातल्या किम हाक-सून ह्या बाईंनी स्वतःचं नाव सांगून, चेहरा दाखवून जाहीरपणे हे बोलायचं धाडस केलं. सरकार म्हणत होतं, सैन्याचा संबंध नव्हता. मग इतिहासकार योशिमी योशिआकी टोकियोतल्या संरक्षण खात्याच्या ग्रंथालयात गेले आणि सैन्याचा हात दाखवणारे कागद त्यांनी शोधून काढले. १९९२ च्या जानेवारीत ते छापून आले. १९९३ मध्ये सरकारला सैन्याचा सहभाग मान्य करावा लागला. २००० च्या डिसेंबरात मात्सुई यायोरी आणि इतर कार्यकर्त्यांनी टोकियोत बायकांचं लोकन्यायालय भरवलं.

कागद तिथेच होते, त्या खात्याच्याच कपाटात. एका बाईनं तोंड उघडेपर्यंत ते मागायला कुणी गेलं नाही. दस्तऐवज जपले जातात म्हणून इतिहास आपोआप सांगितला जातो, असं समजणं भाबडेपणाचं आहे. कपाट बोलत नाही. त्याला विचारावं लागतं, आणि विचारणारीला आधी माहीत असावं लागतं की इथे बायका होत्या.

आणि आपण?

तुम्ही म्हणाल, जपानचं जपानपाशी. तर १९४४ चा मार्च आठवा. मणिपुरात उखरूलजवळ सांगशाकला जपानी सैन्याशी जी लढाई झाली, तिच्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी पलटण होती. साताऱ्या-कोल्हापूरकडची, कोकणातली पोरं अशा पलटणींत असायची. समोरच्याच्या कमरेला हजार टाके, आणि आपल्या पोराच्या दंडाला आईनं बांधलेला ताईत. एक पोरगं जपानच्या सम्राटासाठी लढत होतं, दुसरं इंग्लंडच्या राजासाठी. दोघांच्या आयांना कुणी विचारलं नव्हतं.

आता आजचं बघू. दर श्रावणात शाळा, महिला मंडळं, बचत गट सीमेवरच्या जवानांना राख्या पाठवतात. फोटो निघतात, बातमी येते. गेल्या वर्षी आमच्या गटांच्या बैठकीत मी एवढंच म्हटलं, की राख्या पाठवण्याआधी आपल्याच गावातल्या जवानांच्या बायकांकडे एकदा जाऊन येऊ. ‘ताई, प्रत्येक गोष्टीत तुमचं काहीतरी असतंच,’ असं ऐकून घ्यावं लागलं. एकीनं तर विचारलं, ‘तुम्हाला देशाचं काही वाटतं की नाही?’ कोपऱ्यात बसलेल्या एक बाई तेव्हा काही बोलल्या नाहीत. नवरा सैन्यात गेलेला, म्हणजे कायमचा. बैठक संपल्यावर त्या माझ्याबरोबर एस. टी. स्टँडपर्यंत चालत आल्या. म्हणाल्या, ‘राख्या पाठवा, पोरांना बरं वाटतं. माझ्या ह्यांना पण वाटायचं. पण बघा ताई, झेंडावंदनाला पहिली खुर्ची माझी असते. हळदी-कुंकवाला मला कुणी बोलवत नाही. आणि सासरचे म्हणतात दिराशी लग्न कर, म्हणजे पैसा घरात राहील.’

हे एका घरातलं आहे असं समजू नका. शौर्यपदक मिळालेल्या जवानाच्या विधवेला मिळणारा मासिक भत्ता, तिनं दुसरं लग्न केलं तर बंद व्हायचा. दिराशी केलं तर मात्र चालू राहायचा! ही अट आपल्या सरकारच्या नियमांत होती आणि ती २०१७ च्या नोव्हेंबरात निघाली. म्हणजे तोवर सरकारलेखीही ती बाई त्या घरातल्या पदकासारखी होती. घरातच राहिली तर मोल, बाहेर गेली तर नाही. सासरच्यांनी ही भाषा कुठून शिकली हे वेगळं सांगायला नको. नियम गेला, भाषा अजून जायची आहे.

राख्या पाठवू नका, असं मी म्हणत नाही. थंडीत पहाऱ्यावर उभ्या असलेल्या पोराला पाकीट आलं तर आनंद होतो, त्यावर पाणी ओतणारी मी कोण? माझं म्हणणं एवढंच, की आपला टाका आपण कशासाठी घालतोय हे आपल्याला ठाऊक हवं, आणि त्याखाली आपली सही हवी. म्हणून तीन कामं सुचवते.

एक. ज्या महिन्यात राख्या जातील त्याच महिन्यात गटानं आपल्या गावातल्या जवानांच्या बायकांच्या नि विधवांच्या घरी जावं. पेन्शनचं खातं कुणाच्या हातात आहे, सातबाऱ्यावर तिचं नाव लागलंय का, लग्नासाठी किंवा लग्नाविरुद्ध जबरदस्ती चालू आहे का, हे विचारावं. गरज पडली तर तिच्याबरोबर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावं. तिला एकटीला पाठवू नये.

दोन. १९६२, १९६५, १९७१, १९९९. ह्या युद्धांच्या वेळी घरी राहिलेल्या बायका आपल्या आसपास आहेत. त्यातल्या काही आता फार थकल्या. तार कुणी वाचून दाखवली, बांगड्या कुणी फोडल्या, शेत कुणी कसलं, हे त्यांना विचारून वहीत उतरवा, त्यांच्या नावानिशी. नाव द्यायचं नसेल तर तो निर्णय त्यांचा असू द्या.

तीन. युद्धाच्या नावावर कुणी आपल्या गटाकडे सह्या, फोटो, गर्दी मागायला आलं, तर हो म्हणण्याआधी एक बैठक घ्या. तीत नको म्हणणारीला देशद्रोही ठरवायचं नाही, हा नियम आधी करा. ज्या गटात नाही म्हणता येत नाही, तिथल्या होकाराला काही किंमत नसते. त्या लाल गाठींवरून आपल्याला आज कळत नाही की कुठली मनापासून घातलेली आणि कुठली शेजारणीच्या धाकानं. दिसायला सगळ्या सारख्याच आहेत.

त्या पट्ट्यांच्या नोंदी बदलणं आपल्या हातात नाही. पण कुणी मला विचारलंच, तर ‘करणारी : अज्ञात’ एवढ्यावर मी भागू देणार नाही. मी लिहीन : हा पट्टा हजार बायकांनी केला. तो परत यावा असं त्यांना वाटत होतं. त्याला पाठवायचं की नाही, हे त्यांना कुणी विचारलं नाही. त्यांनीही विचारलं नाही.

शेवटचं वाक्य आपल्या नोंदीत लिहावं लागू नये, एवढ्यासाठी हा खटाटोप. तुमच्या गटात ह्यावर काय बोलणं झालं, भांडण झालं तर काय झालं, ते जरूर लिहून पाठवा. आणि खाली सही करायला विसरू नका.